टॉवरला ना नाही, पण खुंटी ठोकायच्या आधी बोला

मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात नवी हाय टेन्शन लाइन आखणारे, मंजूर करणारे आणि तारा ओढणारे सगळे साहेबलोक, यांना

सप्रेम नमस्कार.

सरकारी पत्र म्हटलं की वर विषय आणि संदर्भ लिहायचा असतो, एवढं 27 वर्षं शाळेत फिजिक्स शिकवून आणि त्याहून जास्त अर्ज खरडून मला माहीत आहे. विषय वर लिहिलाय. संदर्भ म्हणून माझ्याकडे फक्त एक लाकडी खुंटी आहे. वीतभर जमिनीच्या वर, डोक्याला लाल रंग, अंगावर काळ्या मार्करने इंग्रजी दोन अक्षरं आणि एक नंबर. जानेवारीत आमच्या शेतात सरसों, म्हणजे मोहरी, कमरेच्या वर गेली होती, पिवळीधम्मक, त्यात कोणी कधी येऊन ती ठोकून गेलं आम्हाला पत्ताच नाही. आमचे बटाईदार, म्हणजे आमची जमीन अर्ध्या वाट्याने कसणारे, ज्यांना घरात सगळे कक्का म्हणतात, पहाटे पाणी फिरवायला गेले तेव्हा त्यांच्या पायाला लागली. त्यांनी उपटली नाही, फोटो काढला, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली व्हॉइस मेसेज, "बिटिया, जे काहे की खूँटी है?"

मला तरी कुठे माहीत. आठवडाभर चार ठिकाणी विचारलं, एका कचेरीत "मॅडम आमच्याकडे नाही, तिकडे विचारा", तिकडे गेले तर "साहेब फील्डवर". शेवटी माझा एक जुना विद्यार्थी वीजखात्यात आहे, त्याने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, बाई, हा अँगल पॉइंट आहे. म्हणजे सरळ येणारी लाइन जिथे वळते ती जागा. तिथे साधा टॉवर चालत नाही, कारण तारा दोन वेगळ्या दिशांना ओढतात आणि त्या ओढीची बेरीज टॉवरला आतल्या अंगाला पाडू बघते (वेक्टरची बेरीज, अकरावीचा धडा, किती वर्षं फळ्यावर बाण काढले, आता स्वतःच्या शेतात निघाला), म्हणून तिथला टॉवर जास्त जड, पाय जास्त फाकलेले, पाया जास्त दणकट.

तर साहेब, लाइन आमच्याच शेतात का वळते हे मला कळलं पाहिजे. आरोप करत नाहीये. वळायला शंभर कारणं असतात, नाला असेल, वस्ती असेल, रेल्वे ओलांडायची असेल, चंबळचे बीहड, म्हणजे घळी, तर आहेतच. तीन पर्यायी मार्ग तपासून त्यातला एक घ्यायची तुमच्याकडे पद्धत आहे हेही मला सांगितलं गेलंय. मग ते तीन मार्ग गावच्या पंचायतीच्या भिंतीवर हिंदीत लावायला काय हरकत होती? पेपरात जाहिरात दिली होती म्हणे. दिली असेल. बारीक टायपात पन्नास गावांची नावं, आणि कक्कांच्या घरी पेपर येतो तो समोसे बांधून.

आता आधी हे सांगते की मी लाइनच्या विरोधात नाही. हे ठळक सांगायला लागतंय कारण आमच्या खानदानाच्या ग्रुपवर सध्या महाभारत चालू आहे. आमचे पूर्वज शिंदेशाहीत कारकुनीला इकडे आले, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाडा झाला, मुरैन्याच्या बाजूला चौदा बिघे जमीन झाली, आणि आता वाड्यात राहते मी एकटी, बाकी सगळे पुण्यात नाहीतर बेंगळुरूला. खुंटीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत एक चुलतभाऊ म्हणाला स्टे आणू, दुसरा म्हणाला जमिनीखालून न्या म्हणावं, तिसऱ्याने विचारलं किती पैसे मिळतील. शेतात शेवटचं पाऊल तिघांचंही केव्हा पडलं ते मला विचारू नका.

स्टेवाल्या भावाला मी 2012 ची आठवण करून दिली. 30 जुलै 2012, रात्री अडीचच्या सुमाराला उत्तर भारताचा अख्खा ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बसला, आणि सुरुवात कुठून झाली? 400 केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, बीना-ग्वाल्हेर लाइन. तिची दुसरी सर्किट, म्हणजे तारांचा दुसरा संच, 765 केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवली होती, सगळा भार एकीवर आला आणि ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, मग बाकीच्या लाइनी पत्त्यांच्या बंगल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच लाइन, आणि त्या वेळेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड गेले, 60 कोटीच्या वर लोक अंधारात. जगभरच्या बातम्यांत बीना आणि ग्वाल्हेर. आपल्या गावाचं नाव एरवी तानसेन आणि किल्ल्यापायी येतं, त्या वर्षी असं आलं. तेव्हा तारा कमी पडल्या की काय होतं हे ग्वाल्हेरकरांना कोणी शिकवू नये.

आणि आता तर वीज येतेय कुठून, जिथे ऊन आहे तिथून. कोळशाचं एक बरं, वॅगन भरून कुठेही नेता येतो. ऊन नेता येत नाही. रीवाचा 750 मेगावॅटचा सोलर पार्क बघा, 2020 मध्ये उद्घाटन झालं, त्यातली वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. रीवा कुठे, दिल्ली कुठे, मधे आहेत फक्त टॉवर. आमच्या मुरैन्याला आता बॅटरीसकट सोलर येतंय, संध्याकाळी पण वीज देणारं, आणि 2.70 रुपये युनिटचा भाव लागला तेव्हा मला खोटं वाटलं, कारण रीवाचा 2.97 चा भाव म्हणजे केवढा गाजावाजा झाला होता आणि त्यात तर बॅटरी नव्हतीच. पण पॅनल दीड-दोन वर्षांत उभे राहतात आणि मोठी लाइन व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, सगळं दुखणं तिथे आहे. राजस्थानात हेच झालं, प्लांट तयार, ऊन तयार, वीज बाहेर न्यायला पुरेशा तारा नाहीत, म्हणून भर दुपारी प्लांटला सांगायचं, बाबा कमी बनव. पंगतीत वाढपी नाही म्हणून श्रीखंड पातेल्यात आंबतंय.

केंद्रीय वीज प्राधिकरणाने डिसेंबर 2022 मध्ये 500 गिगावॅट सौर-पवन वगैरे विजेच्या हिशोबाने जो आराखडा काढला त्यात 50,890 सर्किट किलोमीटर (तारांचा प्रत्येक संच वेगळा मोजून) लाइनी आणि 2.44 लाख कोटी रुपये खर्च, असा आकडा आहे. म्हणजे आमच्यासारख्या किती शेतांत खुंट्या लागणार विचार करा. तुम्हाला घाई का आहे ते मला कळतं. ही लाइन 765 केव्हीची कशाला हेसुद्धा कळतं, ते मीच शिकवायचे. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज न्यायला करंट निम्मा लागतो, आणि तार तापून वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने जाते, म्हणजे नुकसान चौथाईवर. त्यासाठी टॉवर उंच हवा, खाली जागा रुंद हवी. मान्य, सगळं मान्य.

जमिनीखालून न्या म्हणणाऱ्या भावाला माळढोकाची गोष्ट सांगितली. राजस्थान आणि गुजरातेत माळढोक तारांना धडकून मरत होते म्हणून सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2021 मध्ये त्यांच्या भागातल्या लाइनी जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, मग सरकारने जाऊन सांगितलं की इतक्या मोठ्या व्होल्टेजला ते जमत नाही आणि खर्च काहीच्या काही, तेव्हा मार्च 2024 मध्ये कोर्टाने तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. आमच्या घाटीगावला सोनचिरैयाचं म्हणजे माळढोकाचंच अभयारण्य आहे, पक्षी आता दिसत नाही, पाटी आहे. पण बघा, पक्ष्याचं म्हणणं देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टात तीन वर्षं ऐकलं गेलं. कक्कांचं निदान पंचायतीच्या ओट्यावर अर्धा तास तरी ऐका की.

कायदा मी वाचला, चष्मा लावून दोन रात्री. वाचून हसू आलं. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 164 तुम्हाला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देतं, म्हणजे इंग्रजांनी तारेचे खांब रोवायला जे अधिकार घेतले होते तेच. जमीन तुम्ही विकत घेत नाही, मालकी आमचीच राहते, तुम्हाला फक्त वापरायचा हक्क, आम्ही अडवलं तर कलेक्टर परवानगी देणार, आणि पैसे कमी वाटले तर आम्ही जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. टेलिग्राम 2013 च्या जुलैत बंद झाला, मी शेवटच्या आठवड्यात मुद्दाम भाचीला एक पाठवला होता. 2023 मध्ये नवा टेलिकॉम कायदा आला, 1885 चा रद्द केला, आणि त्यातच एक ओळ घालून ठेवली की वीजेच्या लाइनींसाठी जुन्याचा तिसरा भाग चालूच राहील. तार गेली, तारेचा कायदा आमच्या शेतात राहिला!

त्याच जुन्या कायद्यात हेही लिहिलंय की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. तर आता पैशांवर येते, तिसऱ्या भावाचा प्रश्न.

2015 च्या केंद्राच्या गाइडलाइननुसार टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला फार तर 15 टक्के होते. 14 जून 2024 ला ते वाढवून पायाखाली 200 टक्के आणि पट्ट्याला 30 टक्के केले, हे चांगलं केलं, तोंड भरून सांगते. पुढे मार्च 2025 मध्ये शहरांसाठी पट्ट्याचा दर अजून वाढवला, महापालिका हद्दीत 60, नगरपालिकेत 45. गावाला 30 च. आता आमचा हिशोब करा. 765 च्या डबल सर्किट (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच) लाइनचा पट्टा 67 मीटर रुंद. आमच्या शेतातून ती दोनशे मीटर जाईल असं खुंटीवरून दिसतंय, म्हणजे 13,400 चौरस मीटर, आमच्याकडच्या बिघ्यात साडेसहाच्या आसपास. चौदातले साडेसहा! टॉवरची जागा म्हणजे चार पायांच्या आतली, वर चारी बाजूंनी एकेक मीटर, समजा वीस बाय वीस धरली तर बिघ्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. त्याचे दुप्पट पैसे, आणि साडेसहा बिघ्यांचे तीस टक्के, सगळं मिळून हातात येतात साधारण सव्वादोन बिघ्यांच्या किमतीचे. बरं, खाली सरसों पिकेल हे मी नाकारत नाही, पिकतेच, 400 च्या लाइनीखाली पिकलेली आम्ही रोज बघतो. पण तिथे खोली बांधायची नाही, आंबा लावायचा नाही, बोअरच्या गाडीचा उभा दांडा तिथे न्यायची छाती कोणाची होणार, आणि विकायला काढली तर घेणारा आधी वर बघतो, मग भाव सांगतो.

किंमत कोणती धरणार हा त्याच्याही आधीचा प्रश्न. रजिस्ट्रीचा सरकारी दर आणि बाजारातला दर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे पटवाऱ्यापासून (तुमचा तलाठी) मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गाइडलाइनमध्ये बाजारभाव ठरवायला समिती आहे. ती समिती खुंटीच्या आधी बसली पाहिजे, कागद आमच्या हातात पडला पाहिजे. आज उलटं आहे. खुंटी आधी, खड्डा मग, भाव सगळ्यात शेवटी, आणि मग गावाने काम अडवलं की "विकासाला विरोध". एक साधी गोष्ट सांगते, माणूस पैशांपेक्षा जास्त चिडतो ते न विचारल्याने. आमच्याकडे लग्नात अक्षत द्यायला घरी गेलं नाही तर सख्खा मामा येत नाही हो, मग तुम्ही तर शेतात टॉवर उभा करताय.

नोटीस आली, तीही सांगते. मार्चमध्ये आली. माझ्या आजोबांच्या नावाने. आजोबा 1987 मध्ये गेले. खसऱ्यात (आमच्याकडचा सातबारा) अजून तेच आहेत, कारण नामांतरण, म्हणजे वारसांची नावं चढवणं, आमच्या सात जणांच्या सह्यांसाठी अडकलंय, आणि यात चूक तुमची नाही, आमची आहे, भाऊबंदकी. पण त्यामुळे होतं काय, पैसे आजोबांच्या नावाने जमा व्हायचे म्हणून लटकतात, खड्डा मात्र लटकत नाही, तो वेळेवर खणला जातो. गावात निम्म्या खात्यांवर अशीच गेलेली माणसं आहेत. लाइन आखताना त्या पट्ट्यातल्या गावांसाठी नामांतरणाचा कॅम्प लावा ना, पटवारी, तहसीलदार आणि तुमचा माणूस एकाच दिवशी एकाच मंडपात. दोन महिन्यांत जे होईल ते कोर्टात दोन पिढ्यांत होत नाही. माझ्या सहा भावंडांना मी ओढून आणते, ती जबाबदारी माझी.

आता ज्याच्यासाठी मुळात हे पत्र लिहायला बसले ते. कक्का. पस्तीस वर्षं ते ही जमीन कसतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील. बियाणं त्यांचं, राबणं त्यांचं, डिझेल अर्धं-अर्धं, पीक अर्धं-अर्धं. भरपाई मात्र खसऱ्यातल्या नावाला. जमिनीची किंमत कमी झाली ती आमची, त्याचे पैसे आम्हाला, ठीक. पण ज्या दिवशी मशीन उभ्या पिकात शिरेल त्या दिवशी नुकसान कोणाचं? शेजारच्या गावात मागच्या वर्षी झालेलं कक्कांनी डोळ्यांनी बघितलंय. टॉवरचं काम तीन खेपांत होतं, एकदा फाउंडेशन, मग टॉवर उभा करणं, मग तारा ओढणं, आणि प्रत्येक खेपेला ट्रॅक्टर, क्रेन, दहा-पंधरा माणसं, शेताचा बांध तुटतो, पाण्याची नाली बुजते. पिकाचे पैसे तीनही वेळा द्यायची पद्धत आहे. तिथे दिलेही, मालकाला, जो भोपाळला राहतो, आणि त्याने बटाईदाराला त्यातले किती दिले ते तुम्ही ओळखा. कक्कांनी हे सांगून मला एवढंच म्हटलं, "पइसा तुमाओ, गड्ढा हमाओ." पैसा तुमचा, खड्डा आमचा. रागाने नाही, हसत. मला रात्रभर झोप नाही.

एमपीने 2016 मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांच्या हिताचा कायदा केलाय, लेखी करार करायचा, एक प्रत तहसीलदाराला. किती जणांनी केला? आम्हीही नाही केला. आमचा सगळा व्यवहार तोंडी, विश्वासावर, आणि त्या विश्वासाचं ओझं कायम कक्कांच्याच डोक्यावर. ते मी आता सुधारतेय, साध्या कागदावर करार लिहून काढलाय, पुण्याच्या भावांनो तुम्हीही वाचा, सही करायला नखरे करू नका. पण साहेब, तुमच्या बाजूनेही एक काम करा. पिकाचा पंचनामा करताना शेतात जो माणूस उभा आहे त्याचं नाव लिहा, पंचांची सही घ्या, आणि पिकाचे पैसे त्याच्या खात्यात टाका. जमिनीचे मालकाला, पिकाचे कसणाऱ्याला. केंद्राच्या गाइडलाइनमध्ये आधार आणि यूपीआयने पैसे द्यायचं लिहिलंच आहे, कक्कांकडे दोन्ही आहे, चहावालासुद्धा आता त्यांच्याकडून स्कॅन करून घेतो.

अजून एक, छोटं वाटेल पण छोटं नाही. लाइन सुरू झाल्यावर गावात येऊन अर्धा तास समजावून सांगा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे धुकं पडतं तेव्हा या तारा भुणभुण करतात, ओल्या हवेत जास्त, आणि बायका घाबरतात की आता पडणार. खाली तारेचं लांब कुंपण असलं किंवा ट्रॅक्टर उभा असला तर हात लावताना चिमटा बसतो, तो कशाने बसतो आणि कुंपणाला अर्थिंग कसं करायचं हे कोणी सांगत नाही, मग अफवा उठतात, म्हैस दूध देत नाही, पोरं होत नाहीत, आणि पुढची लाइन टाकायला जाल त्या गावात तुमच्या आधी अफवा पोहोचलेली असते. माणूस नसेल तर मला बोलवा. ट्यूबलाइट घेऊन येते, तारांखाली हातात धरली की कशी मिणमिणते ते दाखवते. माझ्या पोरांना हा प्रयोग नेहमी तोंडी सांगितला, करून दाखवायला शाळेजवळ लाइन नव्हती.

तर खुंटी अजून तिथेच आहे. सरसों कापताना कक्कांनी तिच्या भोवतीची चार रोपं सोडून दिली होती, कोणाच्या कोयत्याने तुटली तर आपल्यावर यायला नको म्हणून. आता शेत मोकळं आहे. पाऊस पडून बाजरी पेरायला जुलै उजाडतो, तोवर एप्रिल, मे, जून तीन महिने तिथे काही नसतं, फाउंडेशनचं काम करायचं तर तेव्हा करा, कोणाचं एक रोप जाणार नाही आणि तुमचे पंचनाम्याचे पैसेही वाचतील. ऑक्टोबरात पुन्हा सरसों पडली की मग आमचं जमणार नाही. येण्याआधी फोन करा, नंबर नोटिशीच्या उत्तरात लिहिलाय. नकाशा मोठ्या कागदावर आणा, कक्कांना मोबाइलवर दिसत नाही. आणि दुपारी बाराच्या आत या, नंतर आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्याच्याचसाठी तर चाललंय सगळं.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेरची एक खातेदार
(नामांतरण प्रलंबित)